ठाणे खाडीचा गाळ स्कॅनरखाली घालण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा: “मी मुंबईत पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातून, एक ऐरोलीच्या बाजूला आणि एक शिवडीजवळ, पीव्हीसी पाइप ठोकून साधारण मीटरभराचे दोन कोअर, म्हणजे गाळाचे उभे दांडे, काढले आहेत. धातूंच्या प्रदूषणाचा इतिहास पाहायचा आहे. माझे मार्गदर्शक म्हणतात, चकत्या कापण्याआधी कोअर एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या) स्कॅनरखाली घाला. स्कॅनर सगळीच मूलद्रव्यं दाखवत असेल तर पुढचं रसायनशास्त्र कशाला? आणि स्कॅनच्या कोणत्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा?”

तुमच्या मार्गदर्शकांचं म्हणणं बरोबर आहे. स्कॅन आधी, चकत्या नंतर. पण रसायनशास्त्र वगळता येईल ही आशा आत्ताच सोडून द्या. स्कॅनर तुमच्यासाठी जे करतो ते वेगळं आहे: मीटरभर गाळात कुठे काय बदललं आहे, म्हणजे कुठून नमुना घ्यायला हवा, हे तो गाळ न संपवता दाखवतो. आंधळेपणाने दोन-दोन सेंटिमीटरच्या पन्नास चकत्या कापल्या तर चार मिलिमीटरचा एखादा महत्त्वाचा थर वरच्या-खालच्या चिखलात मिसळून जातो आणि तो होता हेही कळत नाही. उलट नुसत्या स्कॅनवर थांबलात तर हातात राहतात फक्त काउंट, म्हणजे यंत्राने मोजलेल्या क्ष-किरणांची संख्या. ते पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती असं खरं प्रमाण, नव्हेत. मुंबईच्या गाळात हा फरक जास्तच महत्त्वाचा ठरतो, कारण आपला चिखल बेसॉल्टचा आहे आणि स्कॅनिंगचे बरेचसे प्रचलित नियम दुसऱ्या खडकांच्या प्रदेशात तयार झाले आहेत.

आधी यंत्राविषयी. क्ष-किरणांची नळी कोअरच्या चिरलेल्या पृष्ठभागावर किरण सोडते, गाळातली मूलद्रव्यं आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत फेकतात आणि डिटेक्टर ते मोजतो. मग कोअर किंवा मोजणारं डोकं एक पायरी सरकतं आणि पुन्हा मोजणी होते. १९९० च्या दशकात नेदरलँड्सच्या शाही समुद्रसंशोधन संस्थेत अशा यंत्राची सुरुवातीची रूपं घडली. आज बहुतेक ठिकाणी डच ‘अ‍ॅव्हाटेक’ किंवा स्वीडिश ‘आयट्रॅक्स’ दिसतो. कंपनीपेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की किरण गाळात फार खोल जात नाहीत आणि परत येणारे त्याहून कमी खोलीवरून येतात. अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉनचा संकेत मिलिमीटरच्या काही शतांश जाडीच्या थरातून येतो, लोहाचा त्याहून खोलून, स्ट्रॉन्शियम-झिर्कोनियमचा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे स्कॅनर कोअर पाहत नाही, कोअरची कातडी पाहतो. पुढच्या बहुतेक सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

कोअर अजून उघडले नसतील तर थांबा. उघडण्यापूर्वी बंद पाइपचा सीटी स्कॅन करून घ्या. माणसांसाठीचं साधं सीटी यंत्र चालतं आणि जगभर गाळाचे कोअर त्यावर पाहिले जातात. पाइपची दोन्ही टोकं नीट बंद करून, बाहेरून धुऊन, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून न्या, म्हणजे यंत्राच्या टेबलाला चिखल लागणार नाही. खाडीच्या चिखलात काय काय निघतं याची चित्र पाहिल्याशिवाय कल्पना येत नाही: वायूचे बुडबुडे, तिवराची जिवंत आणि कुजलेली मुळं, खेकड्यांची बिळं, शिंपल्यांचे थर, विटांचे तुकडे, प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या घड्या. थर सरळ पडलेले आहेत की कुणीतरी ढवळून काढले आहेत, हे या चित्रावरून पाच मिनिटांत कळतं. पैसे एकाच तपासणीपुरते असतील तर मी सीटी किंवा साधा क्ष-किरण फोटो निवडेन, एक्सआरएफ नंतर. ढवळलेल्या गाळाचं रसायन कितीही बारकाईने मोजलं तरी त्यातून इतिहास निघत नाही.

बंद कोअरवरच घनता आणि मॅग्नेटिक ससेप्टिबिलिटी, म्हणजे गाळ चुंबकीय क्षेत्राला किती प्रतिसाद देतो ते, मोजता येतं. ज्या बहुसंवेदक यंत्रांवर हे होतं त्यांत घनतेसाठी किरणोत्सारी सिझियम-१३७ चा गॅमा किरण पाइपमधून आरपार सोडतात आणि किती अडला ते बघतात. ही मापनं जलद आहेत. ससेप्टिबिलिटीकडे मी पुढे परत येते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष तिच्यावरून काढले जातात.

आता तयारी. निकालाची गुणवत्ता यंत्रापेक्षा तयारीवर जास्त ठरते, आणि हे काम तुमच्या हातात आहे.

कोअर उभे, वरचं टोक वर ठेवून, चार अंशांच्या आसपास ठेवा. फ्रीझरमध्ये अजिबात नको. बर्फ होताना पाणी प्रसरण पावतं आणि बारीक थर फाटतात. पाइप किती खोल ठोकला आणि आत गाळ किती लांबीचा मिळाला, हे दोन्ही आकडे वहीत असायलाच हवेत. १२० सेंमी ठोकून ९६ सेंमी गाळ आला असेल तर लांबी २० टक्के कमी झाली आहे, आणि ती सगळीकडे सारखी कमी झालेली नसते. वरचा पातळ चिखल जास्त दबतो. पाइप ओढून काढण्यापूर्वी आतल्या आणि बाहेरच्या चिखलाच्या पातळीतला फरक मोजला असेल तर उत्तम. नसेल तर निदान एकूण घट लिहा आणि ती प्रबंधात लपवू नका.

चिरताना पाइपच्या भुशाची काळजी घ्या. या सूचनेकडे दुर्लक्ष होतं, म्हणून जरा विस्ताराने सांगते. आपल्याकडच्या पीव्हीसी पाइपांत शिशाची संयुगं स्थिरक म्हणून वर्षानुवर्षं वापरली गेली. त्यांवर नियंत्रण आणणारे केंद्र सरकारचे नियम २०२१ मध्ये आले. शिवाय पांढऱ्या पाइपात टायटॅनियम डायऑक्साइड आणि चुन्याची पूड असते, आणि क्लोरीन तर पीव्हीसीच्या रेणूतच आहे. करवतीचा पांढरा भुसा चिरलेल्या गाळावर पडला की एकाच वेळी शिसं, टायटॅनियम, कॅल्शियम आणि क्लोरीन वाढलेलं दिसतं. प्रदूषण शोधायला निघालेल्या माणसाला त्याच पाइपचं शिसं ‘सापडतं’. म्हणून करवत पाइपच्या जाडीपुरतीच चालवा, शेवटचा पापुद्रा धारदार सुरीने कापा, भुसा ओल्या कापडाने पुसून घ्या आणि मगच पातळ तारेने गाळ उभा दुभागा. पाइपचा एक तुकडाही स्कॅनरखाली ठेवून त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती क्ष-किरण आले त्याचा आलेख, घ्या. संशय आला तर तुलनेला तो हाताशी असतो.

दोन अर्ध्यांपैकी एक जपून ठेवण्यासाठी, एक कापण्यासाठी. स्कॅन जपायच्या अर्ध्याचा करायचा. समुद्रतळाच्या खोदकामांत हीच पद्धत आहे. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ संशोधनाच्या ३५५ व्या मोहिमेत अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात खोदकाम झालं आणि ते जहाज शेवटी मुंबईलाच लागलं. जहाजावर कोअर आधी अखंड स्थितीत संवेदकांखालून जातात, मग दुभागले जातात, मग जपायच्या अर्ध्याचे फोटो आणि इतर मोजमापं होतात. नमुन्यांसाठी चमचा लागतो तो दुसऱ्याच अर्ध्याला. तुमचा कोअर एकच मीटरचा असला तरी हा क्रम मोडू नका.

दुभागल्यावर लगेच फोटो काढा, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवून. आपल्या खाडीच्या चिखलातला काळा रंग बराचसा लोहाच्या सल्फाइडचा असतो. हवा लागली की तो बघता बघता करडा-तपकिरी होतो. काळे-राखाडी पट्टे दुसऱ्या दिवशी दिसणार नाहीत. मग काचेच्या पट्टीने किंवा प्लॅस्टिकच्या पातीने पृष्ठभाग आडवा खरवडा, कोअरच्या लांबीला काटकोनात. उभं खरवडलं तर वरचा प्रदूषित चिखल खाली पसरतो. प्रत्येक खरवडीनंतर पाती पुसा. खड्डे आणि उंचवटे राहू देऊ नका, कारण डिटेक्टर आणि गाळ यांतलं अंतर बदललं की काउंट बदलतात. मूळ किंवा शिंपला मध्ये आला तर ओढून काढू नका. त्याची खोली टिपा आणि तेवढे बिंदू नंतर वगळा.

वर चार मायक्रॉनची पातळ फिल्म अंथरायची असते. ती पसरताना हवा आणि पाणी अडकू देऊ नका. फिल्मखाली पाण्याचा नुसता ओलावा साचला तरी अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉनचे काउंट कोसळतात, तर जड मूलद्रव्यांना फारसा फरक पडत नाही. मग गुणोत्तरांत एक खोटा बदल तयार होतो आणि तो इतका देखणा दिसतो की विद्यार्थी त्याला मॉन्सूनचा बदल म्हणतात. क्लोरीनचा आलेख शेजारी ठेवा. क्लोरीन खाऱ्या पाण्यात असतं, म्हणून जिथे ते उसळतं आणि सिलिकॉन पडतं तिथे बहुधा पाणी आहे. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत आणखी एक अडचण येते: शीतपेटीतून काढलेल्या थंड कोअरवर दव धरतं. कोअर गुंडाळलेलाच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, बाहेरचं पाणी टिपा आणि मग फिल्म घाला. हे काम वातानुकूलित खोलीत करता आलं तर फारच बरं.

आता किती बारीक मोजायचं. यंत्र ०.२ मिमीची पायरी घेऊ शकतं म्हणून ती घ्यायची असं नाही. मीटरभर कोअर ०.२ मिमीने मोजला तर ५००० बिंदू होतात. प्रत्येकी १० सेकंद धरले तरी जवळजवळ १४ तास, तेही एकाच व्होल्टेजला. ५ मिमीच्या पायरीने २०० बिंदू, प्रत्येकी २० सेकंद, म्हणजे सव्वा तासाच्या आत एक फेरी. हलक्या मूलद्रव्यांसाठी १० केव्हीची (किलोव्होल्टची) एक आणि जड धातूंसाठी ३० केव्हीची एक, अशा दोन फेऱ्या करूनही दुपारपर्यंत काम आटोपतं. गाळ वर्षाला एक सेंटिमीटर साचतो असं धरलं तर एक मिलिमीटर म्हणजे महिनाभर. पण ओहोटीच्या चिखलात खेकडे, किडे आणि निवट्या वरचे कित्येक सेंटिमीटर सतत उकरत असतात, आणि भरती-ओहोटी तोच चिखल रोज उचलून पुन्हा टाकते. उधाणाला मुंबईत पाण्याची पातळी पाच मीटरच्या आसपास वर-खाली होते. अशा चिखलात आठवड्याचा किंवा महिन्याचा हिशोब शिल्लक राहत नाही. म्हणून आधी ५ मिमीने सगळा कोअर पाहा. जिथे सीटीत स्पष्ट, न उकरलेला थर दिसतो आणि आलेखही तिथेच हलतो, तेवढाच भाग १ मिमीने, जास्त सेकंद देऊन पुन्हा मोजा. छोट्या पायऱ्यांपेक्षा जास्त सेकंद तुम्हाला जास्त उपयोगी पडतील, कारण शिशासारखे धातू कमी प्रमाणात असतात आणि कमी वेळात त्यांचे काउंट गोंगाटात बुडतात.

आकडे हाती आल्यावर कच्चे काउंट आलेखावर घालून ‘वाढ’ आणि ‘घट’ लिहायला बसू नका. पाणी, सच्छिद्रता, पृष्ठभाग या सगळ्यांनी सगळेच काउंट एकत्र वर-खाली होतात. म्हणून गुणोत्तर घ्यायचं, आणि गुणोत्तराचं लॉगॅरिदम. लॉग घेतल्याने ‘जस्त भागिले टायटॅनियम’ घेतलं काय की ‘टायटॅनियम भागिले जस्त’ घेतलं काय, निष्कर्ष तोच राहतो. साध्या गुणोत्तरात तसं राहत नाही.

पण भागायचं कशाने? इथे आपला बेसॉल्ट मध्ये येतो. पाठ्यपुस्तकं टायटॅनियम सुचवतात, कारण ते जमिनीवरून येतं आणि रासायनिकदृष्ट्या स्थिर असतं. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम भरपूर आहे, पण त्यातलं बरंचसं इल्मेनाइट आणि टायटॅनोमॅग्नेटाइट या खनिजांच्या जड कणांत असतं. प्रवाह जोराचा झाला की जड कण एकत्र साचतात आणि टायटॅनियम एकदम वाढतं. त्याने भागलेलं जस्त मग खोटंच कमी दिसतं. अ‍ॅल्युमिनियमने भागावं तर स्कॅनरवर तेच सगळ्यात डळमळीत. रुबिडियम चिकणमातीबरोबर जातं म्हणून बऱ्याच ठिकाणी चांगलं चालतं, पण बेसॉल्टमध्ये मुळातच कमी असल्याने काउंट तोकडे पडतात. मी दोन-तीन वेगवेगळ्या मूलद्रव्यांनी भागून पाहते. जी वाढ प्रत्येक आलेखात टिकते तिच्यावरच पुढे बोलते. त्याच कारणाने झिर्कोनियम भागिले रुबिडियम हे जाड-बारीक कणांचं लाडकं गुणोत्तर इथे तपासल्याशिवाय वापरू नका. काही नमुन्यांचं कण-आकार विश्लेषण करा आणि ते जुळतं का ते बघा. नाही जुळलं तर सोडून द्या.

प्रदूषणाची पार्श्वभूमी, म्हणजे प्रदूषणाआधी गाळात धातू किती होते तो आकडा, हा सगळ्यात मोठा सापळा. प्रबंधांमध्ये सर्रास ‘सरासरी शेल’चे आकडे घेतात: तांबं ४५ पीपीएम, क्रोमियम ९०, निकेल ६८, जस्त ९५, शिसं २०. हा तक्ता १९६१ चा आहे आणि जगभरच्या शेल, म्हणजे चिखलापासून बनलेल्या, खडकांची सरासरी आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तांबं अनेकदा शंभर पीपीएमच्याही वर असतं. म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यात पहिला कारखाना येण्याच्या कितीतरी आधीचा चिखलही या तक्त्याने ‘तांब्याने प्रदूषित’ ठरतो. शिशाचं उलट आहे. बेसॉल्टमध्ये शिसं फार थोडं, म्हणून माणसाने टाकलेलं शिसं आपल्या गाळात स्पष्ट उठून दिसतं. तांबं, क्रोमियम, निकेल यांच्या वाढीवर बोलण्याआधी आपल्याच कोअरचा तळ काय सांगतो ते पाहा, आणि तो तळ खरोखर जुना आहे हे कालमापनाने सिद्ध करा. मीटरभर कोअरचा तळ कारखानदारीच्या आधीचा असेलच असं नाही. खाडीत काही ठिकाणी गाळ फार झपाट्याने साचलेला आहे.

स्पेक्ट्रममध्ये प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरावीक ऊर्जेवर शिखरं येतात, त्यांना रेषा म्हणतात. एकमेकांवर चढणाऱ्या रेषांबद्दलही इथल्या गाळापुरतं सांगते. टायटॅनियमची दुय्यम रेषा नेमकी व्हॅनेडियमच्या मुख्य रेषेवर पडते, आणि टायटॅनियमची मुख्य रेषा बेरियमच्या कमी ऊर्जेच्या रेषेवर. टायटॅनियमने भरलेल्या चिखलात स्कॅनरचं व्हॅनेडियम म्हणजे बव्हंशी टायटॅनियमच. ते टाकून द्या. बेरियम हवं असेल तर ५० केव्हीवर त्याच्या जास्त ऊर्जेच्या रेषा पाहाव्या लागतात. लोह प्रचंड असल्याने त्याची दुय्यम रेषा कोबाल्ट झाकते, तेव्हा कोबाल्टही नाही. शिसं आणि आर्सेनिक यांच्या मुख्य रेषा जवळजवळ एकाच ऊर्जेवर आहेत. शिशाची दुसरी रेषा १२.६ केईव्हीवर (हे क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक) येते, पण दोन लोहकिरण एकाच वेळी डिटेक्टरवर आदळले की १२.८ ला एक बनावट शिखर तयार होतं आणि ते तिला खेटतं. म्हणून यंत्राने छापलेला तक्ता जसाच्या तसा घेऊ नका. वर, मध्ये, तळाशी असे काही बिंदू निवडा आणि स्पेक्ट्रम स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. रेषा खरंच दिसते का? सॉफ्टवेअर नसलेल्या मूलद्रव्यालाही आकडा देऊ शकतं. नळीच्या धातूचंही लक्षात ठेवा: क्रोमियमच्या नळीने क्रोमियम मोजता येत नाही, ऱ्होडियमची एक रेषा क्लोरीनजवळ येते. बुकिंग करतानाच नळी कोणती आहे ते विचारा.

आता ससेप्टिबिलिटी. वरच्या थरांत ती वाढलेली दिसली की ‘कोळशाची राख आणि उद्योगांची धूळ’ असं लिहायची पद्धत पडली आहे. ट्रॉम्ब्याला १९५० च्या दशकापासून औष्णिक वीजकेंद्र आहे, राखेत चुंबकीय गोळ्या असतात, हे सगळं खरं. पण आपल्या नद्या-नाल्यांनी आणलेला बेसॉल्टचा मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकीय लोहखनिज, मुळातच इतका आहे की राखेचा वाटा त्यात सहज बुडून जातो. त्याहून महत्त्वाचं, खारफुटीच्या प्राणवायूहीन चिखलात काही सेंटिमीटर खाली मॅग्नेटाइट विरघळतो आणि त्याचं लोह सल्फाइडमध्ये जातं. म्हणजे वर जास्त आणि खाली कमी असा आलेख प्रदूषण शून्य असतानाही मिळतो. स्कॅनमधलं गंधक शेजारी लावा. जिथे ससेप्टिबिलिटी पडते तिथेच गंधक चढत असेल तर तो रासायनिक बदल आहे, इतिहास नव्हे. मँगेनीजची पृष्ठभागाजवळची वाढही अशीच खालून वर सरकलेली असू शकते. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत पर्यावरणीय चुंबकत्वावर काम होतं. कणांचा आकार आणि चुंबकीय खनिज ओळखणाऱ्या सविस्तर चाचण्यांसाठी तिथल्या अभ्यासकांशी बोलायला हवं.

काही गोष्टी स्कॅनरला दिसतच नाहीत, आणि तुमच्या खाडीत नेमक्या त्याच महत्त्वाच्या आहेत. पारा पीपीएमच्याही खालच्या प्रमाणात घातक असतो, स्कॅनर तिथपर्यंत पोचत नाही. कॅडमियमचं तसंच. तेलाचे अवशेष, कीटकनाशकं, सूक्ष्म प्लॅस्टिक यांच्याशी तर त्याचा संबंधच नाही. पाऱ्यासाठी वेगळ्या चकत्या, वेगळी बाटली, वेगळी पद्धत लागेल. म्हणून कापायच्या अर्ध्याचं वाटप आधीच कागदावर करा. शिसे-२१० साठी (हे शिशाचं किरणोत्सारी रूप, गाळाचं वय काढायला लागतं) किती ग्रॅम, धातूंसाठी किती, सेंद्रिय कार्बनसाठी किती. नाहीतर महत्त्वाच्या थराला पोचेपर्यंत गाळ संपलेला असतो.

स्कॅन पाहून चकत्यांच्या जागा निवडा. आकडे सगळ्यात जास्त, सगळ्यात कमी आणि मधले आहेत अशा जागांचे, मीटरभरात पंचवीस-तीस नमुने पुरेत. ते वाळवून, दळून, पूर्ण विरघळवून आयसीपी-एमएसवर (मूलद्रव्यांचं खरं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा आणि त्यांच्या लॉग-गुणोत्तरांशी स्कॅनची लॉग-गुणोत्तरं जोडा. ‘पूर्ण’ हा शब्द जपून वापरते आहे. अ‍ॅक्वा रेजिया (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण) सिलिकेट आणि इल्मेनाइट पुरतं फोडत नाही, त्यामुळे टायटॅनियम, क्रोमियम, झिर्कोनियम कमी येतात आणि जुळणी फसते. हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, आणि ते फक्त प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली, त्याच्यासाठीच्या सोयी असलेल्या प्रयोगशाळेत. ती सोय नसेल तर दळलेल्या पुडीच्या गोळ्यांवर प्रयोगशाळेतलं नेहमीचं एक्सआरएफ करा. तेही उत्तम चालतं आणि कुणाच्या हाताला इजा होत नाही.

कालमापनाशिवाय यातलं काहीही इतिहास होत नाही. शिसे-२१० चं अर्धायुष्य २२ वर्षांच्या आसपास, म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंत ते वापरता येतं. जोडीला जगभर सिझियम-१३७ घेतात, कारण अणुचाचण्यांच्या धुळीचं १९६३ चं शिखर गाळात सापडतं. मुंबईत तो नियम तसाच लावू नका. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून कमी पातळीचं प्रक्रिया केलेलं किरणोत्सारी सांडपाणी बंदराच्या पाण्यात सोडलं जातं आणि तिथल्या गाळातलं सिझियम नियमित मोजलं जातं. ही प्रकाशित माहिती आहे. तुमच्या कोअरमधलं सिझियमचं शिखर आकाशातून आलेलं की शेजारून, हे ठरवल्याशिवाय त्याला १९६३ म्हणता येत नाही.

तारखा हातात नसताना शहराच्या घटना आलेखाला चिकटवण्याचा मोह फार होतो. वाशीचा पहिला पूल १९७३, शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद २०००, महापूर २६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिमी पाऊस झाला, म्हणून ऐरोलीच्या कोअरमधला वाळूचा थर २००५ चा, असं मी वाचलेलं आहे. मिठी नदी माहीमला मिळते, ठाणे खाडीला नाही. तो थर दुसऱ्या एखाद्या नाल्याचा, रेतीउपशाचा किंवा भरावाचाही असू शकतो. कळवा-मुंब्र्याकडे रेती किती उपसली गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे. आधी तारीख काढा, मग घटना शोधा. आणि त्याआधी ऐरोली, दिवा, वाशीगावच्या जुन्या कोळ्यांशी बोला. चॅनेल कुठे होतं, कुठे उथळ झालं, कुठे उपसा झाला, कुठे राडारोडा पडला, हे त्यांना सालासकट आठवतं. पुढची जागा निवडताना ही माहिती कोणत्याही उपग्रहचित्राइतकीच मोलाची आहे. पुढच्या वेळी कोअर काढणार असाल तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी आधी घ्या. खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

स्कॅनर देशात मोजकेच आहेत, त्यामुळे वेळ मागताना पत्रात कोअरची लांबी, पाइपचा व्यास, हवी ती पायरी आणि व्होल्टेज स्पष्ट लिहा. अर्धा कोअर ठेवायच्या तबकाची रुंदी ठरलेली असते, न बसणारा पाइप परत येतो. प्रवासात वरचं पातळ पाणी काढून फुलांच्या दुकानातला हिरवा फोम घट्ट बसवा, म्हणजे चिखल हलणार नाही. परत येताना फक्त एक्सेल तक्ता घेऊ नका. प्रत्येक बिंदूची मूळ स्पेक्ट्रा फाइल, नळीचा धातू, व्होल्टेज, करंट, सेकंद हे सगळं मागून घ्या. वर्षभराने परीक्षकाने व्हॅनेडियमबद्दल विचारलं तर उत्तर त्या फाइलीतच असेल.

तुमच्या दोन कोअरपैकी आधी कोणता? ऐरोलीचा. शिवडीच्या बाजूला बंदराचा उपसा, गोदीचं काम आणि आता अटल सेतूचं बांधकाम एवढं झालं आहे की तिथला चिखल जागचा हललेला असण्याची शक्यता जास्त. शिवडीचा कोअर सीटीखाली घाला. थर सलग दिसले तरच त्याच्यासाठी स्कॅनरची वेळ मागा. नाही दिसले तर त्याच्या वरच्या काही सेंटिमीटरांचे नमुने आजच्या प्रदूषणासाठी वापरा, आणि शिसे-२१० साठी ठेवलेले सगळे पैसे ऐरोलीच्या कोअरवर खर्च करा.